कन्याकुमारी ते लेह, एकट्याने आणि दुचाकीवर: तयारीपासून परतीपर्यंत

दोघे-चौघे मिळून निघालेल्या प्रवासात कुणीतरी एकजण हमखास म्हणतो, "आता बस, इथंच थांबू." एकट्याच्या प्रवासात हे म्हणणारे कुणी नसते. गाडी कुठली, जॅकेट कुठले, हेल्मेटवर कॅमेरा लावायचा की नाही, याच्या चर्चा भरपूर होतात. पण एकट्याचा प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा संध्याकाळी पाचच्या सुमारास, पाठ दुखत असताना "अजून साठच किलोमीटर" असे स्वतःला सांगितल्यामुळे. म्हणून या लेखात सामानाच्या याद्या कमी आहेत आणि आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी जास्त. दमलेल्या माणसाने रस्त्यात ठरवण्यापेक्षा ताज्या डोक्याने घरी ठरवलेले बरे.

मार्ग मी मुद्दाम सरळ घेतला आहे: कन्याकुमारीहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने श्रीनगर आणि तिथून कारगिलमार्गे लेह. महामार्ग ४४ हा देशातला सर्वांत लांब महामार्ग, सुमारे ३,७४५ किमी. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा जुने तुकडे जोडून तो तयार झाला. त्यामुळे जुने लोक अजूनही नागपूरच्या आसपास त्याला 'सात नंबर' म्हणतात.

महिना आधी, सुट्टी नंतर

या मार्गावर एकाच वेळी सगळीकडे चांगले हवामान मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ, तेलंगण आणि बुंदेलखंडात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. जॅकेट घालून त्या उन्हात आठ तास बसणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. जुलै-ऑगस्टमध्ये जम्मू-श्रीनगर रस्त्यावर, विशेषतः रामबनच्या पट्ट्यात, दरडी कोसळतात. ऑक्टोबर उजाडला की तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि लडाखमध्ये रात्री गोठायला लागतात.

उरतो सप्टेंबर. पहिल्या आठवड्यात कन्याकुमारीहून निघालात तर आंध्र, तेलंगण आणि विदर्भात सरी अंगावर येतील, पण महिन्याच्या मध्यावर जम्मूला पोचाल तेव्हा उत्तरेतला पाऊस ओसरत असतो. मान्सूनची परत फिरण्याची सुरुवात साधारण १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून होते. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे ते यासाठीच. शिवाय शरीर आणि हात सपाट रस्त्यावर सरावतात आणि अवघड भाग शेवटी येतो. उलट दिशेने, लेहहून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी अनोळखी गाडी, अनोळखी वजन आणि साडेतीन हजार मीटरची उंची, असे तिन्ही एकदम अंगावर येते.

गाडी कन्याकुमारीला न्यायची कशी?

दोन वाटा. वेळ असेल तर पनवेलहून महामार्ग ६६ धरा. कोकण, गोवा, कारवार, मंगळुरू, कोळिकोड, कोची, तिरुवनंतपुरम करत तो थेट कन्याकुमारीलाच संपतो. हा टप्पा म्हणजे उत्तम रंगीत तालीम. बॅगा कुठे घासतात, सीट किती वेळ सोसवते, रेनकोट खरेच पाणी अडवतो का, हे सगळे इथेच कळते. केरळात मात्र वस्ती तुटतच नाही, त्यामुळे दिवसाला अडीचशे किमी धरून चाला.

दुसरी वाट रेल्वेची. स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती द्यायच्या, टाकी पूर्ण रिकामी करायची, गोणपाट लावून गाडी बांधून घ्यायची. तिकिटासोबत 'लगेज' म्हणून दिली तर तुमच्याच गाडीने जाण्याची शक्यता जास्त. 'पार्सल' म्हणून दिली तर जागा मिळेल तेव्हा जाते. मदुराई किंवा तिरुवनंतपुरमसारख्या मोठ्या स्टेशनला पाठवा, तिथे उतरवून घेणे सोपे. आरसे काढून बॅगेत ठेवा. उतरवल्यावर टाकीत थेंबही नसतो, तेव्हा जवळचा पंप कुठल्या बाजूला आहे ते आधीच नकाशावर बघून ठेवा.

अंतराचे गणित

गूगल सांगतो तो वेळ चारचाकीचा असतो. दुचाकीवर चहा, पाणी, चेनला तेल, पाऊस आला म्हणून पुलाखाली थांबणे, असे सगळे धरून चौपदरी रस्त्यावर तासाला पन्नास किमी पकडा. दिवसाला साधारण ४०० ही वरची हद्द, डोंगरात २०० ते २५०. त्यात चारचाकी चौपदरी रस्त्यांवर जोरात जात असली तरी दुचाकीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा तिथेही ताशी ८० आहे. ती पाळण्यात फायदा तुमचाच. ८० च्या पुढे वाऱ्याचा रेटा आणि कानातला आवाज इतका वाढतो की दिवसाअखेर वाचलेला अर्धा तास थकव्याने दुप्पट वसूल होतो. कानात फोमचे बोळे घालण्याची सवय लावा. हॉर्न तरीही ऐकू येतो.

मी सुचवेन तो मुक्कामांचा क्रम असा. अंतरे ढोबळ आहेत.

१. कन्याकुमारी ते मदुराई, २४५ किमी
२. मदुराई ते होसूर, ३९५
३. होसूर ते कर्नूल, ४००
४. कर्नूल ते निर्मल, ४२०
५. निर्मल ते नागपूर, २९०
६. नागपूर ते सागर, ३९०
७. सागर ते ग्वाल्हेर, ३००
८. ग्वाल्हेर ते पलवल, २७०
९. पलवल ते लुधियाना, ३७०
१०. लुधियाना ते जम्मू, २८०
११. जम्मू ते श्रीनगर, २६०

यात एक दिवस नागपूरला, एक श्रीनगरला आणि एक कुठेही खर्च करता येईल असा राखीव मिळवा. म्हणजे श्रीनगरपर्यंत दोन आठवडे. पुढे लेह आणि परतीसाठी अजून आठ-नऊ दिवस. एवढी रजा नसेल तर मार्ग कापा, विश्रांतीचे दिवस नको. नागपूरपासून सुरुवात केली म्हणून प्रवास काही खोटा ठरत नाही.

पेट्रोलचा अंदाज सोपा आहे. गाडी लिटरला ३५ देत असेल तर महामार्ग ४४ साठी सुमारे १०७ लिटर लागतील. लिटरचा भाव शंभरीच्या आसपास धरा आणि लडाखसाठी वेगळी भर टाका. टोलची चिंता नको, राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही. डाव्या कडेची अरुंद वाट दुचाकीसाठी असते. तिथे वाळू आणि सांडलेले तेल असते, वेग कमी ठेवा.

गाडी: नवी नको, ओळखीची हवी

दीडशे सीसीच्या वरची, नीट सांभाळलेली कुठलीही गाडी हा प्रवास करते. तुमच्या गल्लीत रोज चालणारी गाडी शोरूममधून कालच आलेल्या मोठ्या गाडीपेक्षा चांगली, कारण तिचा नेहमीचा आवाज तुम्हाला पाठ असतो आणि बिघडलेला आवाज लगेच कळतो. दुर्मीळ परदेशी गाडी असेल तर एक क्लच केबल मागवायला आठवडा जाईल. गावातल्या मेकॅनिकला जी गाडी रोज उघडावी लागते, तिच्यावर निघणे शहाणपणाचे.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. दोन आठवडे आधी करा आणि नंतर तीन-चारशे किमी फिरवा. मेकॅनिकने ढिला ठेवलेला नट घराजवळच कळू दे. या वेळी बदलायचे ते: इंजिन ऑइल आणि फिल्टर, ब्रेक पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर पॅड, ब्रेक ऑइल, एअर फिल्टर. चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चकती) तपासा. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पंखासारखे वाकलेले दिसले तर संपूर्ण सेट बदला, नुसती चेन नको. टायरची नक्षी निम्मी झाली असेल तर नवे टायर घाला. निम्म्या नक्षीवर शहरात वर्ष निघते, लडाखच्या खडीवर नाही.

चेनला दर पाचशे किमीला तेल द्यायचे, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी. गाडी गरम असताना दिले की ते आत मुरते. ढिलाई किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत असते. सामान लादल्यावर ती पुन्हा बघा, कारण वजनाने मागचे सस्पेन्शन बसते आणि चेनचा ताण बदलतो. टायरची हवाही लादलेल्या गाडीच्या आकड्याने भरा, सकाळी टायर थंड असताना.

सोबतची हत्यारे: ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या वाती आणि छोटा पंप, स्पोकची चाके असतील तर पुढची-मागची ट्यूब आणि टायर लिव्हर. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल (जुन्या केबलच्या शेजारीच आतून ओवून ठेवली तर बदलायला दहा मिनिटे लागतात), स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, एम-सील, इन्सुलेशन टेप, झिप टाय, गाडीच्या नटांच्या मापाचे पाने. आणि हे सगळे वापरायची सवय. घरी एकदा मागचे चाक काढून पुन्हा बसवा. जमले नाही तर निदान मेकॅनिकला सांगता येईल इतके तरी बघून ठेवा.

अंगावर आणि गाडीवर

आयएसआय चिन्हाचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, खांदे-कोपर-पाठीला संरक्षक पॅड असलेले जॅकेट, गुडघ्याला पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, घोटा झाकणारे बूट. यात कुठेही तडजोड नको. व्हायझर पारदर्शकच घ्या, काळा नको. डोंगरातल्या बोगद्यात शिरताच काळ्या काचेने दोन सेकंद काहीच दिसत नाही आणि दोन सेकंदात गाडी चाळीसेक मीटर जाते.

पाठीवर सॅक घेऊ नका. तिसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात आणि पडलात तर ती मणक्याला टेकते. वजन मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि पुढे सरकवून बांधा. शेपटाकडे टांगलेले दहा किलो गाडीला घाटात डोलवतात. बंजीच्या (ताणणाऱ्या रबरी दोरीच्या) आकड्यांपेक्षा पट्टे बरे, सुटलेली बंजी चाकात जाते. कपडे तीन जोड पुरतात, बाकी धुवायचे. थंडीचे कपडे लागणार फक्त श्रीनगरपासून पुढे, तेव्हा ते दक्षिणेतून ओढत नेण्यापेक्षा जम्मू-श्रीनगरला घ्या किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाकडे कुरिअरने पाठवा.

कागद, पैसे, फोन

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवलेत तर ते कायद्याने मान्य आहेत. तरीही छापील प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण जिथे कागद मागतात तिथे नेमकी रेंज नसते. विमा फक्त 'थर्ड पार्टी' आहे की स्वतःच्या नुकसानाचाही, हे आधी पाहा. रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवा आणि एक कार्ड बॅगेच्या तळाशी.

फोनचा मुद्दा मोठा आहे: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. एकट्या माणसासाठी ही सोयीची नाही, सुरक्षेची बाब आहे. निघण्याआधी एक नंबर पोस्टपेड करून घ्या. सगळ्या मार्गाचे नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा.

खिशात एक कागद: नाव, रक्तगट, ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर, मराठीसोबत हिंदी आणि इंग्रजीत. तो जॅकेटच्या आतल्या खिशात, फोनमध्ये नाही; कुलूप लागलेला फोन मदत करणाऱ्याला काही सांगत नाही. देशभर आपत्कालीन नंबर ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३.

एकट्याचे नियम

हे घरी लिहून काढा आणि टाकीवरच्या बॅगेत समोर दिसेल असे ठेवा.

अंधारात गाडी चालवायची नाही. सकाळी साडेपाच-सहाला निघायचे, चारला खोली शोधायला लागायचे. रात्री हायवेवर दिवा नसलेला ट्रॅक्टर, डिव्हायडरच्या फटीतून येणारी गुरे आणि उलट बाजूने येणारी मोटारसायकल, या तिघांशी तुमची गाठ पडते आणि तुमचा हेडलाइट त्यांना पुरेसा नाही.

दर ऐंशी-नव्वद किमीला उतरायचे, थकवा असो वा नसो. पाणी, थोडे चालणे, आरसे आणि सामानाचे पट्टे बघणे. झोप येतेय असे पहिल्यांदा वाटले की पुढच्या पंपावर वीस मिनिटे झोपायचे. गाणी लावून, तोंडावर पाणी मारून ती जात नाही. दुपारी भरपेट जेवण नको. ढाब्यावर दोन रोट्या आणि दही, खरे जेवण मुक्कामाला.

घरच्यांशी दिवसातून दोनच वेळा बोलायचे, निघताना आणि पोचल्यावर, आणि दोन्हींची वेळ ठरलेली. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. डोंगरात रेंज गेली की ठिपका एका जागी थिजतो आणि घरचे घाबरतात. "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर अमक्या हॉटेलला फोन करा" असा नियम जास्त उपयोगी. मुक्कामाचे नाव रोज कळवायचे, एवढेच.

ओळख झालेल्या रायडरांबरोबर एखादा दिवस जायला हरकत नाही. पण त्यांच्या वेगाने जायचे नाही. मला तर वाटते, एकट्याने निघण्यातली सगळी चैन आपल्या वेगाने जाण्यात आहे. ती कुणाला देऊन टाकायची कशाला?

मुक्काम घेताना खोलीआधी पार्किंग बघा. गाडी आवारात, शक्यतो कॅमेऱ्यासमोर किंवा चौकीदाराच्या खुर्चीजवळ. हँडल लॉकबरोबर डिस्क लॉक लावत असाल तर त्याला लाल दोरी बांधून दोरीचे टोक हँडलला अडकवा, नाहीतर सकाळी लॉकसकट गाडी ढकलाल आणि ती आडवी होईल.

रस्ता, तुकड्यातुकड्याने

कन्याकुमारी सोडली की अरल्वायमोळीच्या खिंडीचा पट्टा लागतो. पवनचक्क्यांचे जंगल उगाच नाही इथे. सप्टेंबरमध्येही पश्चिमेचा वारा लादलेल्या गाडीला लेनभर सरकवतो. हात घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा, ट्रकच्या आडून बाहेर पडताना झोत येणार हे गृहीत धरा. पुढे सेलम-धर्मपुरीदरम्यान तोप्पूरचा घाट. उत्तरेकडे जाताना तो चढ असतो आणि ट्रक रांगतात, त्यांच्यामधून नागमोडी काढायचा मोह टाळा.

होसूरला मुक्काम सांगितला तो बंगळुरूसाठी. पहाटे साडेपाचला निघून सातच्या आत शहर मागे टाकायचे, देवनहळ्ळीनंतर चहा. हैदराबादचा प्रश्न वेगळा आहे: बाहेरचा नेहरू रिंग रोड दुचाकींना बंद आहे, फक्त त्याची सर्व्हिस रोड वापरता येते. नकाशाच्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडला नसेल तर ते तुम्हाला बिनदिक्कत रिंग रोडवर चढवायला बघेल. द्रुतगती मार्गांचे असेच. मुंबई-पुणे, समृद्धी आणि दिल्लीजवळचा पूर्व परिघीय मार्ग यांवर दुचाकीला मनाई आहे. आग्रा-नोएडा यमुना एक्स्प्रेसवेवर परवानगी आहे, टोल भरून. मी तरी तिथे जाणार नाही. तापलेले काँक्रीट आणि एकसुरी सरळ रस्ता, झोपेला याहून चांगली जागा नाही.

पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. पांढरकवडा, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी, नागपूर. आपल्या राज्याच्या वाट्याला या महामार्गाचा फक्त विदर्भातला तुकडा आला आहे. नागपूर जवळजवळ निम्म्यावर पडते, म्हणून गाडीची तपासणी इथे करायची: चेनचा ताण, ब्रेक पॅड, टायरमध्ये रुतलेले खडे-खिळे, सगळे नटबोल्ट. एक दिवस पूर्ण झोप.

मनसरनंतर पेंचचे जंगल. खवासापर्यंतच्या पट्ट्यात महामार्ग खांबांवर उचलला आहे, खालून वन्य प्राणी जावेत म्हणून. वरून जाताना दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे ते लक्षातही येत नाही. थांबू नका, हॉर्न नको. पुढे लखनादोनला डोळे उघडे ठेवा: सरळ ओघात जबलपूरकडे जाल, आपल्याला नरसिंहपूरची पाटी धरायची आहे. बरमानला नर्मदा, मग सागर. ललितपूर-झाशी पट्ट्यात रस्ता मोकळा असतो आणि म्हणूनच गुरे त्यावर निवांत बसतात. धोलपूर-मुरैनाच्या मध्ये चंबळ. पुलावर फोटोसाठी थांबणारे बरेच, तुम्ही त्यांच्यात नको.

दिल्ली रविवारी पहाटे ओलांडता येईल असा दिवस लावा. पलवलहून पाचला निघालात तर आठपर्यंत सोनीपत मागे पडते. मुरथलला पराठे. पंजाबबद्दल सांगण्यासारखे फार नाही, रस्ता सपाट आणि शहरे एकामागोमाग एक.

जम्मूच्या पुढे प्रवासाचा स्वभावच बदलतो. निघण्याआधी जम्मू-काश्मीर वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना बघा. रस्ता बंद आहे की एकेरी चालू, ते रोज जाहीर होते. चेनानी-नाशरी हा २०१७ मध्ये सुरू झालेला नऊ किमीचा बोगदा आणि पुढे बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किमीचा, या दोघांनी पूर्वीचा बराच त्रास वाचवला आहे. रामबनचा पट्टा मात्र अजूनही ओल्या दरडीचा. पाऊस पडत असेल तर जम्मूतच थांबा, राखीव दिवस त्यासाठीच आहे. लष्कराचा ताफा दिसला तर बाजूला व्हा, मध्ये शिरू नका. तपासणी नाके, पूल आणि छावण्यांचे फोटो काढू नका.

लेहला वर कुठून चढायचे?

श्रीनगरहून चढा, मनालीने उतरा. कारण उंचीत आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल २,७०० च्या आत, लेह ३,५०० वर. वाटेतल्या खिंडी ('ला' म्हणजे खिंड) उंच आहेत: झोजी ला ३,५२८, नमिका ला ३,७००, फोटू ला ४,१०८, पण झोपायच्या जागा हळूहळू वर सरकतात आणि शरीराला वेळ मिळतो. मनालीहून चढलात तर दोन हजार मीटरवरून एका दिवसात सरचूच्या तंबूत, ४,२९० मीटरवर, झोपायला लागते. तिथल्या रात्रीची डोकेदुखी अनेकांचा प्रवास संपवते. लेहमध्ये दोन-चार रात्री काढून उलट दिशेने आलात तर त्याच सरचूचा त्रास बराच कमी होतो.

सोनमर्गचा साडेसहा किमीचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. झोजी लावर मात्र अजून जुन्याच घाटातून जायचे आणि तिथे वाहतूक वेळा ठरवून सोडतात, म्हणून पहाटे पोचा. कारगिलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लेह. लेहमध्ये पहिले अख्खे दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही.

डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेची पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नाही, वाढली तर खाली उतरायचे. चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी दम लागू लागला तर रुग्णालय, लगेच. एकट्याने जाणाऱ्याची अडचण अशी की बुद्धीच मंदावते आणि आपण ठीक आहोत असे वाटत राहते, म्हणून हॉटेलवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा, "मी एकटा आहे, सकाळी आठपर्यंत दिसलो नाही तर दार वाजवा." डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुळीच नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

लेहहून मनालीकडे उतरताना टांगलांग ला, ५,३०० मीटरच्या वर. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो, गाडीही दमते. एक गिअर खाली ठेवा, क्लच घासू नका. मग मोरेचे सपाट मैदान, पांग, लाचुंग ला, गाटा लूप्सची एकवीस वळणे, सरचू, बारालाचा ला. पेट्रोल लेहजवळच्या कारूला भरा आणि पाच लिटर जादा घ्या, कारण केलाँगजवळच्या टांडीपर्यंत भरवशाचा पंप धरू नका. टांडीच्या पंपावर लेहकडे जाणाऱ्यांसाठी "पुढचा पंप ३६५ किमी" अशी पाटी आहे, ती प्रसिद्धच आहे.

नाले सकाळी ओलांडायचे. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढते. आधी उतरून बघा किंवा दुसऱ्या गाडीला जाऊ द्या, पाणी कुठे किती आहे ते कळते. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच क्लच दाबला की गाडी बसते. सरचूचे तंबू सप्टेंबरच्या उत्तरार्धात एकेक करून गुंडाळले जातात, तेव्हा लेहमध्येच चौकशी करून निघा. जिस्पा किंवा केलाँगला रात्र, मग अटल बोगदा. नऊ किमीचा हा बोगदा २०२० पासून चालू आहे आणि रोहतांग खिंडीवरून जायचे नसल्याने तिथला परवाना लागत नाही.

पडलात तर

आधी किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण). मग स्वतःकडे बघा: मान, पाठ, हातपाय हलतात का. रस्त्याबाहेर व्हा, गाडी नंतर. उचलताना साइड स्टँड शक्य असल्यास आधी काढून ठेवा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पाठ सीटला टेकवा, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या पकडीला, उकिडवे बसून पायांच्या जोरावर मागे-मागे पावले टाका. कमरेतून वाकून ओढली तर गाडी उठेल आणि पाठ राहील. हे घरी जाड सतरंजीवर दोनदा करून बघा, बॅगांसकट. बॅगांसकट उठत नसेल तर सामान जास्त झाले.

उचलल्यावर लगेच निघू नका. लिव्हर, हँडल सरळ आहे का, ब्रेक, पेट्रोल किंवा ऑइलची गळती बघा, पाच मिनिटे बसा, पाणी प्या. डोक्याला मार बसला असेल, हेल्मेटला तडा गेला असेल, तर त्या दिवशीचा प्रवास संपला, कितीही बरे वाटत असले तरी.

मनालीच्या पुढे

मनाली ते चंदीगड दिवसभराचा रस्ता आहे, मंडीच्या आसपास दरडींमुळे वेळ वाढतो. महाराष्ट्रात गाडी चालवत परतायचे की चंदीगड किंवा अंबाल्याहून रेल्वेने पाठवायची, हा निर्णय निघण्याआधीच घ्या आणि रेल्वेच्या बाजूने घ्या, असे माझे मत. तीन आठवड्यांच्या थकव्यावर, उरलेल्या रजेच्या घाईत सोळाशे-सतराशे किमी सपाट रस्ता कापणे हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, आणि सर्वांत कंटाळवाणा. पार्सलची पावती जपून ठेवा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. घरी आल्यावर एअर फिल्टर, ऑइल आणि चेन सेट बघून घ्या, चाकांची बेअरिंग आणि फोर्कचे सील तपासा. नाल्यांचे पाणी आणि लडाखची धूळ तिथे शिरलेली असते आणि महिनाभराने आवाज करू लागते.